सीटी-एमआरआयच्या काचेमागची नोकरी आणि तिचा ताण

खिडकीतला_माणूस

लग्नकार्यात कुणी 'काय करता?' विचारलं आणि मी 'सीटी स्कॅनला असतो' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'रेडिएशनचा त्रास नाही का होत?' मग आवाज खाली आणून केस गळतात का, मुलंबाळं नीट होतात का वगैरे. याचं उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे धागा तिकडे भरकटणार नाही. स्कॅन चालू असताना मी शेजारच्या खोलीत, शिशाच्या काचेमागे असतो. छातीवर टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा) असतो, तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. अणुऊर्जा नियामक परिषदेने (आम्ही सगळे एईआरबीच म्हणतो) आमच्यासाठी मर्यादा घालून दिली आहे, सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (रेडिएशनच्या डोसचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सीटीच्या कन्सोलवर नीट काम करणाऱ्याचा आकडा त्याच्या आसपासही फिरकत नाही. झाला रेडिएशनचा विषय.

आता झोप कशाने उडते ते.

रात्री दोन-अडीचला कॅज्युअल्टीतून पेशंट येतो. तोंड वाकडं, उजवा हात गळालेला. साध्या ब्रेन सीटीला मिनिटभरसुद्धा लागत नाही. कवटीत रक्त साकळलेलं असेल तर ते सीटीवर पांढरं दिसतं, आणि वर्षभर कन्सोलवर बसलेल्या कुणालाही ते ओळखता येतं. म्हणजे त्या इमारतीत पहिल्यांदा कळतं ते मला. सांगायचा अधिकार मला नाही. तो नसावा हेही मला मान्य आहे, कारण मी डॉक्टर नाही. पण दार उघडलं की समोर पेशंटचा मुलगा उभा असतो. 'काय निघालं साहेब?' मी म्हणतो, 'रिपोर्ट डॉक्टर देतील.' तो ऐकतच नसतो, तो माझ्या तोंडाकडे बघत असतो. चेहरा कोरा ठेवायला कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. आणि तो फारच कोरा ठेवला तर त्यावरूनही लोक ओळखतात!

तेवढ्यात फोन वाजतो. खाली ड्यूटीवरचे एमओ (मेडिकल ऑफिसर) विचारतात, 'काय आहे रे? ब्लीड आहे का?' म्हणजे नातेवाइकाला सांगायचं नाही, डॉक्टरांना मात्र सांगायचं, तेही तोंडी, कागदावर काही नाही. रिपोर्ट टेलिरेडिओलॉजीने दुसऱ्या शहरातून येणार. पक्षाघात रक्ताच्या गाठीमुळे असेल तर गाठ विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत असते, आणि पेशंट खेड्यावरून आलेला असला तर त्यातले तीन तास रस्त्यातच गेलेले असतात. अशा वेळी 'रिपोर्ट आल्यावर बघा' म्हणायची माझी छाती होत नाही. मी सांगतो ते बरोबर निघालं तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. चुकलं तर 'टेक्निशियन म्हणाला होता' हे सगळ्यांच्या लक्षात राहणार.

आमच्याकडे रात्री मी एकटा असतो. ट्रॉलीवरून टेबलावर घ्यायला वॉर्डबॉय मामा मिळेलच असं नाही, नातेवाइकांनाच हात लावायला सांगतो. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध) द्यायचा असेल तर सिस्टर वॉर्डातून येईपर्यंत थांबायचं. दिवसा चार जण असतात आणि सगळ्या पेशंटची क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) आधीच झालेली असते, रात्री उलटं.

या क्षेत्रातले अजून कुणी इथे आहेत का? एक्स-रे, एमआरआय, कॅथलॅब, कुठलेही. पगाराबद्दल मुद्दाम लिहीत नाहीये, त्यावर वेगळा धागा लागेल.

उगाच_एक

चांगला विषय. आम्ही आत जाऊन झोपतो आणि बाहेर येतो, काचेमागे कोण आहे ते बघतही नाही. रात्री एकाच माणसाने सीटी चालवणं नियमात बसतं का पण?

हायपो

जिल्हा रुग्णालयातून क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आयडीवरून कुठल्या जमान्यातला ते कळलंच असेल.

खिडकीतले भाऊ, तुमचं पटलं. मला मात्र दुसरंच काही सांगायचंय, जे नव्या पोरांच्या लक्षात येत नाही. आमच्या वेळी डार्करूम होती. लाल दिव्यात फिल्म हॅंगरला लावायची, डेव्हलपर, मग पाणी, मग हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण), मग धुणं, मग वाळवणं. घाईचा डॉक्टर असला तर ओलीच फिल्म खिडकीशी धरून बघायचा आणि त्याच्या बाहीवर हायपोचे ठिपके पडायचे. मशीन जुनं. कमरेचे लॅटरल (बाजूने काढायचे एक्स-रे) लागोपाठ काढले की ट्यूब तापायची, ती निवेपर्यंत थांबणं भाग. तेव्हा आम्ही त्या मशीनला शिव्या घालायचो. पण त्या थांबण्यात माणूस डार्करूमच्या दाराशी दोन मिनिटं टेकायचा, चहा प्यायचा, पुढच्या पेशंटला 'काय झालं आजी?' विचारायचा.

मग सीआर आलं, मग डीआर, म्हणजे फिल्मऐवजी डिजिटल एक्स-रे. पॅनेलवर चित्र काही सेकंदांत. तंत्रज्ञाचं काम हलकं झालं असं सगळे म्हणाले. साहेब लोकांनी लगेच हिशेब मांडला की वेळ वाचला म्हणजे पेशंट वाढवता येतील. वाढवले. पदं तेवढीच राहिली, काही ठिकाणी निवृत्त झालेल्याची जागा भरलीच नाही. मशीनने वाचवलेला वेळ आमच्या वाट्याला कधी आलाच नाही, तो रांगेने खाल्ला. मशीनला विश्रांती लागायची तेव्हा माणसालाही मिळायची. आता मशीनला लागत नाही, म्हणून माणसालाही लागत नाही असं धरून चालतात.

दुसरी गोष्ट एमएलसीची, म्हणजे पोलीस केसची. खाजगीवाल्यांना याचा फारसा अनुभव नसेल. मारामारीतला हात मोडलेला पेशंट, सोबत हवालदार. प्लेटवर शिशाचे आकडे लावायचे, डावी-उजवी खूण, तारीख, नोंदवहीत पोलिसांचं पत्र. वय ठरवायचे एक्स-रे, म्हणजे मनगट, कोपर, कंबर. त्यात बऱ्याचदा पळवून नेलेली मुलगी असते, सोबत महिला पोलीस. ती मुलगी काही बोलत नाही. तिला 'हात असा ठेव बाळ' म्हणून सांगायचं आणि आपण त्या प्लेटवर काय काढतोय, त्यावर कुणाचं काय ठरणार आहे, याचा विचार करायचा नाही. काही वर्षांनी कोर्टाचं समन्स येतं. वकील विचारतो, 'हा नंबर तुम्ही स्वतः लावला होता का? त्या दिवशी अजून किती एक्स-रे काढले?' मला निवृत्तीनंतरही समन्स आलेलं आहे. एसटीने गेलो, दिवसभर बाकावर बसलो, तारीख पडली, परत आलो.

@उगाच_एक, नियमाचं विचारलंत. एईआरबी मशीन, खोली, भिंतीची जाडी, चालवणाऱ्याची पात्रता, बॅज, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर हे सगळं बघते. त्यांच्या ईलोरा या पोर्टलवर नोंदणी असते, परवाना असतो. ते कामही रेडिएशनच्या सुरक्षेचंच आहे. माणूस किती तास जागा आहे हे मोजणारा बॅज अजून निघालेला नाही.

वैतागलेला_नातेवाईक

सगळं वाचलं, सहानुभूती आहे. पण दुसरी बाजूही येऊ द्या. आईचा मणक्याचा एमआरआय होता. आतल्या माणसाने 'दागिने काढा, हलू नका, हललात तर परत करावं लागेल' एवढंच एका दमात म्हटलं आणि दार लावलं. तिला तो आवाज केवढा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. ती आत रडत होती. बाहेर आल्यावर तो माणूस तिच्याकडे न बघता पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होता. ताण असेल हो, पण तो आमच्यावर का?

चुंबकबाई

मी एमआरआयलाच आहे, पुण्यात. काकूंना त्रास झाला त्याबद्दल वाईट वाटलं. 'ताण असतो म्हणून' असं म्हणून मी त्या माणसाची बाजू घेणार नाही. आवाजाची कल्पना देणं, हातात बेलचा फुगा देणं, 'घाबरलात तर दाबा, मी लगेच बाहेर काढते' म्हणणं, याला अर्धं मिनिट लागतं आणि ते केलंच पाहिजे. उलट हे न केल्याने पेशंट हलतो, सिक्वेन्स वाया जातो आणि वेळ जास्तच जातो.

पण 'दागिने काढा' एका दमात का म्हटलं जातं ते सांगते. एमआरआयचं चुंबक चोवीस तास चालू असतं. दिवे गेले, मशीनवर कुणी नाही, रविवार आहे, तरी चालू. लोकांना वाटतं स्कॅन नाही म्हणजे मशीन बंद. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात एक नातेवाईक प्राणवायूचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि चुंबकाकडे खेचला जाऊन दगावला, आठवत असेल. मशीन बंद आहे असं सांगितलं गेलं होतं, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. त्या दिवसानंतर आमच्यापैकी प्रत्येकीला दारावरची माणसं वेगळी दिसायला लागली.

दारावर काय काय होतं बघा. साडीच्या निऱ्यांना सेफ्टी पिना. अंबाड्यात आकडे, वर गजरा, म्हणजे आकडे दिसतच नाहीत. जोडवी वर्षानुवर्षं न काढल्याने बोटात रुतलेली. मंगळसूत्र काढायला बाई तयार नसते, सासूबाई तर त्याहून नसतात. 'सोनं आहे हो, लोखंड थोडंच आहे?' बरोबर आहे, पण मधला तार-फासा कशाचा ते सोनारालाच माहीत, आणि शिवाय चित्रावर काळा डाग येतो तो वेगळाच. आजोबांना 'शरीरात काही बसवलंय का?' विचारलं तर 'नाही'. स्काउट (सुरुवातीचं अंदाजाचं चित्र) घेतला की कमरेत स्क्रू. 'ते होय, ते तर दहा वर्षांपूर्वीचं.' पेसमेकरचंही असंच. एकदा एका पुढाऱ्याचा सुरक्षारक्षक 'साहेबांना एकटं सोडायचं नाही' म्हणून कमरेच्या पिस्तुलासकट आत घुसत होता. मी दारात आडवी उभी राहिले. नंतर मलाच सांगण्यात आलं की जरा गोडीने बोलत जा.

हे सगळं एका पेशंटमागे दहा मिनिटांचं काम आहे. ते कुठल्याच स्लॉटमध्ये धरलेलं नसतं. स्लॉट म्हणजे फक्त आतला वेळ. मग बाहेरच्या चौकशीला कात्री लागते, आणि कात्री लावणारी व्यक्ती म्हणून सही माझी. फॉर्मवर खाली 'स्क्रीनिंग केले' लिहिलेलं असतं ना, तिथे.

रेघ_आणि_सावली

मी रेडिओलॉजिस्ट. तालुक्याच्या गावी स्वतःचं सेंटर आहे, सीटी आणि एमआरआय दोन्ही. म्हणजे या धाग्यातला खलनायक मीच असावा, तर दोन शब्द.

मशीन कर्जाचं असतं. वार्षिक देखभालीचा करार मोडला तर ट्यूब गेल्यावर सेंटर बसतं. दर आम्ही ठरवतो असं वाटत असेल तर तसं नाही. रेफरल, योजना, कंपन्यांचे टायअप मिळून दर खाली ओढतात. कोविडमध्ये सप्टेंबर २०२० ला सरकारने एचआरसीटीचे (छातीच्या सीटीचे) दर बांधले. १६ स्लाइसच्या आतल्या मशीनला २०००, १६ ते ६४ ला २५००, त्यावरच्याला ३०००. लोकांसाठी ते योग्यच होतं, तक्रार नाही. पण दर बांधला की उरतो एकच आकडा, दिवसाला पेशंट किती. तो आकडा मी वाढवतो म्हणून स्लॉट आखडतो. दुष्टपणा म्हणून नाही.

आणि तंत्रज्ञांबद्दलही बोलू या. शिकवून तयार केलेला मुलगा दोन हजार जास्त मिळाले की शेजारच्या शहरात जातो. नोटीस देत नाही, फोन बंद. मग उरलेल्या दोघांवर तीन शिफ्ट येतात, आणि त्या दोघांना वाटतं मालक पिळतो.

खिडकीतले, तुमच्या 'एमओ तोंडी विचारतात' या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी पूर्ण सहमत. मला स्वतःला तंत्रज्ञाने रात्री फोन केलेला आवडतो. 'सर, हे काहीतरी वेगळं दिसतंय' म्हणून ज्याने वेळेत उठवलं असे पेशंट मला आठवतात. पण हे सगळं त्या माणसाच्या हिमतीवर चालतं, पद्धत म्हणून नाही.

चुंबकबाई

डॉक्टर, तुमचा प्रामाणिकपणा आवडला. एक विचारते. नोटीस न देता जाणाऱ्यांचं तुम्ही सांगितलंत. त्यांनी तुम्हाला मूळ प्रमाणपत्रं ठेवायला दिली होती का? कारण मी जिथे लागले तिथे पहिल्या दिवशी तीच मागून घेतली होती आणि सोडताना दोन महिने फिरवलं. पोरं फोन बंद का करतात, त्याचं एक कारण हेही आहे.

रेघ_आणि_सावली

मी ठेवत नाही. ठेवणारे आहेत, हे खरं आहे.

सी_आर्म_वाला

ओटीतला आहे, ऑर्थोच्या केसेस. सी-आर्म म्हणजे ऑपरेशन चालू असताना वापरायचं फिरतं एक्स-रे मशीन. वरती रेडिएशनचा विषय संपवून टाकलात, तो काचेमागे बसणाऱ्यांपुरता संपला. आमच्याकडे काच नाही. टेबलाशेजारी उभं राहायचं, सर्जन म्हणणार 'शूट', परत 'शूट', 'जरा आत घे', 'शूट'. अंतर दुप्पट केलं तर डोस चौथाई होतो हे पुस्तकात बरोबर आहे, पण सी-आर्मचं हॅण्डल माझ्या हातात असताना मी दुप्पट अंतर आणू कुठून? शिशाचा एप्रन चार-पाच किलोचा, चार केसेस झाल्या की कंबर भरून येते. थायरॉइड कॉलर एक, माणसं पाच. कुणी घालायची ते सांगायला नको.

आणि बॅजची गंमत सांगतो. बॅज एप्रनच्या आत, छातीवर लावायचा असतो. काही सर्जन तो लॉकरमध्ये ठेवतात. कारण आकडा जास्त आला तर चौकशी येते, खुलासा द्यावा लागतो, कामावरून थांबवतील अशी भीती. मग तीन महिन्यांचा रिपोर्ट शून्याच्या जवळ येतो आणि सगळे खूश. माझा एकदा जास्त आला तेव्हा 'बॅज एप्रनला लावून मशीनच्या खोलीत टांगून ठेवला असशील' असं आधीच ठरवून टाकलं. तसंही होतं, नाही म्हणत नाही, बॅज खोलीत राहून गेला की आकडा फुगतो. पण जो बॅज लावतो त्याच्यावर संशय आणि जो लावत नाही त्याचा रिपोर्ट स्वच्छ. चोर सोडून संन्याशाला फाशी.

हायपो

सी-आर्मभाऊ, कंट्रोल बॅज कुठे ठेवतात तुमच्याकडे? तो रेडिएशनपासून लांब ठेवायचा असतो, बाकीच्या बॅजचं वाचन त्याच्याशी ताडून काढतात. मी एका ठिकाणी तो एक्स-रे रूमच्या खिळ्यालाच लटकलेला पाहिलाय. तोच उघडा पडला की सगळ्यांचे आकडे कमी दिसणार. आधी ते बघा.

सी_आर्म_वाला

काका, बघितलं. ओटीच्या ड्रॉवरमध्ये आहे. उद्याच ऑफिसला हलवतो.

परदेशी_पाखरू

मूळची नागपूरची, आता इंग्लंडात रेडिओग्राफर. इकडे सगळं गोडगोड आहे असं अजिबात नाही. माणसं कमी, ऑनकॉल, ए अँड ई (इकडची कॅज्युअल्टी) मध्ये कॉरिडॉरभर ट्रॉल्या. जुलै २०२३ मध्ये इंग्लंडमधले रेडिओग्राफर संपावर गेले होते, पगार आणि रिकाम्या जागा याच मुद्द्यांवर. म्हणजे ताण इथेही आहे.

पण खिडकीतले दादांच्या मूळ प्रश्नावर मला इथली एक पद्धत सांगावीशी वाटते. १९८० च्या दशकात इथे 'रेड डॉट' सुरू झालं. रेडिओग्राफरला फिल्मवर काही वावगं दिसलं, तर तो फिल्मवर लाल टिकली चिकटवायचा. निदान लिहायचं नाही, एवढंच सांगायचं की 'इथे नीट बघा'. कॅज्युअल्टीतल्या नवख्या डॉक्टरची नजर तिथे जायची. आता टिकली संगणकावर आली, बऱ्याच ठिकाणी दोन ओळींची टिप्पणी लिहितात, आणि पुढे शिकून रेडिओग्राफर स्वतः एक्स-रेचे रिपोर्टही देतात. इकडे आमची एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी असते. चुकलो तर जाब द्यावा लागतो, पण कशाचा जाब द्यायचा हे लिहिलेलं असतं.

नागपुरात असताना मीही डॉक्टरांना फोनवर तेच सांगायचे जे इथे टिकलीने सांगते. इथे मी घरी गेल्यावर ते डोक्यात फिरत नाही, कारण जे दिसलं ते मी नोंदवून आलेली असते.

खिडकीतला_माणूस

ताई, हे वाचून बराच वेळ विचार करत बसलो. आमच्याकडे रेड डॉटच्या जागी व्हॉट्सअॅप आहे. रात्री सर्जनचा मेसेज येतो, 'फोटो टाक'. मी मॉनिटरचा मोबाइलवर फोटो काढतो, पेशंटचं नाव झाकायचा प्रयत्न करतो, पाठवतो. त्या फोटोवर ऑपरेशन घ्यायचं की नाही ते ठरतं. कुठला स्लाइस निवडायचा ते कोण ठरवतं? मी. म्हणजे मत देऊन झालेलंच असतं, फक्त ते कुठे लिहिलेलं नसतं. आणि माझ्या मोबाइलच्या गॅलरीत पोरीच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये लोकांच्या कवट्या.

कोविडमध्ये याचा कहर झाला होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये नातेवाईक काचेवर टकटक करून विचारायचे, '२५ पैकी किती?', म्हणजे फुफ्फुसातल्या संसर्गाचा स्कोअर. रिपोर्टला सहा-आठ तास लागत होते आणि स्कोअरशिवाय बेडसाठी कुणी दारात उभं करत नव्हतं. प्रत्येक पेशंटनंतर गँट्री (सीटीचं गोल कडं) पुसायची, पीपीई किटमध्ये घामाने मोजे ओले. एक माणूस माझ्या पाया पडला होता, नुसता आकडा सांगा म्हणून. मी सांगितला नाही. त्याबद्दल आजही मला नक्की काय वाटतं ते ठरवता आलेलं नाही.

डॉ. रेघ, तुमच्या सेंटरवर हे कागदावर आणता येईल का? मोठी योजना नको. पाच-सहा गोष्टींची यादी. डोक्यात रक्त, छातीत हवा साठून फुफ्फुस दबलेलं, पोटात मोकळी हवा, महाधमनी फाटलेली, असं. यातलं काही वाटलं की तंत्रज्ञाने रेडिओलॉजिस्टला फोन करायचा, वही ठेवायची, वेळ लिहायची. 'निदान नाही, लक्ष वेधलं' एवढंच. फोन केला आणि काही निघालं नाही तरी बोलणी खायची नाहीत.

रेघ_आणि_सावली

वही आजच ठेवायला हरकत नाही. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि सगळ्यात अवघड, कारण रात्री तीनला उठवलेला माणूस मीच असणार. पण लिहून देतो.

रात्रीच्या कॉन्ट्रास्टबद्दल मात्र माझी भूमिका कडक आहे. डॉक्टर जागेवर नसेल तर कॉन्ट्रास्ट द्यायचा नाही. रिअॅक्शन आली तर पहिलं अॅड्रेनॅलिन कुणी द्यायचं? तंत्रज्ञाने? ती वेळ त्याच्यावर आणायचीच नाही. माझ्या गावातली दोन सेंटरं रात्री टेलिरिपोर्टिंगवर सर्रास देतात, आणि पेशंट तिकडे जातात. तोटा सहन करतो.

मनकवडी

मानसोपचार समाजकार्यकर्ती आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'बर्नआउट' नोंदवलं, पण आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणची अवस्था म्हणून. तीन लक्षणं सांगितली आहेत. पार गळून जाणं, कामाबद्दल मनात अंतर किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. वरच्या काकूंकडे न बघणारा तो माणूस मला दुसऱ्यात बसताना दिसतो. असं वाटणाऱ्यांनी टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलावं, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

सी_आर्म_वाला

मॅडम, नंबर जपून ठेवला. पण आमच्याकडे तणावमुक्तीची कार्यशाळा झाली होती. ती नाइट ड्यूटीवरून सुटलेल्यांना सकाळी दहाला ठेवली होती आणि हजेरी सक्तीची.

मनकवडी

हे मी आमच्या ग्रुपमध्ये दाखवणार आहे. हसायला नाही, बोलणी खायला ज्यांनी ज्यांनी अशा ठेवल्यात त्यांना.

वैतागलेला_नातेवाईक

चुंबकबाई, तुमचा तो दहा मिनिटांचा हिशेब डोक्यात राहिला. पेशंटच्या बाजूने आम्ही काय केलं तर तुमचं सोपं होईल? खरंच विचारतोय.

चुंबकबाई

विचारलंत हेच खूप झालं. घरूनच पिना, आकडे, जोडवी, साखळ्या काढून या. शरीरात कुठलंही ऑपरेशन, कितीही जुनं, कागद असेल तर आणा. नसेल तर कुठल्या दवाखान्यात झालं तेवढं तरी. बंद जागेत जीव घाबरत असेल तर नाव नोंदवतानाच सांगा, टेबलावर झोपल्यावर नको. गुटख्याची पुडी खिशात ठेवून येऊ नका, हसू नका, रोज निघतात. आणि 'दोनच मिनिटं आत जाऊन आईला पाणी देतो' म्हणून दार ढकलू नका.

बारावी_पास

सर्वांना नमस्कार. बहिणीसाठी विचारतोय. तिला बीएस्सी रेडिओग्राफीला प्रवेश मिळतोय. हा धागा वाचून घरचे घाबरलेत, विशेषतः पुढे लग्न, मूलबाळ यावरून. घ्यावा का?

परदेशी_पाखरू

घ्या. काम कंटाळवाणं कधीच होत नाही. गरोदरपणाचं म्हणाल तर नियम असा की कळल्याबरोबर लेखी कळवायचं, मग पोटातल्या बाळाला उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टच्या वर डोस जाणार नाही असं काम द्यायचं. नोकरी सोडावी लागत नाही.

चुंबकबाई

कागदावर बरोबर. माझ्या एका मैत्रिणीला मुलाखतीतच 'लग्न कधी?' विचारलं होतं आणि दुसरीने पाचव्या महिन्यापर्यंत सांगितलंच नाही, काँट्रॅक्टचं नूतनीकरण अडेल म्हणून. ती पोर्टेबलला, म्हणजे वॉर्डात जाऊन एक्स-रे काढायला, जात होती. तेव्हा बहिणीला सांग, प्रवेश घे, पण नियम तोंडपाठ कर.

हायपो

आणि कॉलेज बघताना विद्यापीठ कुठलं, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेलं आहे की कुठल्या तरी बाहेरच्या नावाने सहा महिन्यांत पदविका वाटतात, ते बघा. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा केंद्रीय कायदा झाला आहे, त्यात आपली शाखा आहे. पुढे नोंदणीला पदवी कुठली हेच विचारणार. प्रॅक्टिकलला रुग्णालय स्वतःचं आहे का तेही विचारा. मुलांना मशीन नुसतं दाखवतात अशा जागा आहेत.

खिडकीतला_माणूस

नोकरी लागताना बॅज स्वतःच्या नावाचा मिळतोय ना, ते पहिल्या आठवड्यात बघायला सांगा. सोडून गेलेल्याच्या नावाचा बॅज 'सध्या हा लाव' म्हणून देतात. तो घ्यायचा नाही. जुन्या ठिकाणचे डोसचे रिपोर्ट सोडताना मागून घ्यायचे, तो तिचा रेकॉर्ड आहे, हॉस्पिटलचा नाही. आणि रात्री दुसरं कोण असतं हे मुलाखतीतच विचारायचं. 'गरज पडली तर फोन करा' असं उत्तर आलं तर कुणाला, त्याचं नाव आणि नंबर विचारायचा.

डॉ. रेघ, वहीचा नमुना इथेच टाकता का? कॉलम मी सुचवतो. वेळ, पेशंट नंबर, काय दिसलं, कुणाला फोन केला, त्यांनी किती वाजता उचलला.

रेघ_आणि_सावली

शेवटचा कॉलम माझ्यासाठी आहे हे कळलं. रविवारी टाकतो.